जेडीबीसी टेम्प्लेट की साधी जेडीबीसी? रॅपर नेमकं काय झाकतो, काय झाकत नाही

निशिगंध

नमस्कार मंडळी,

टीममध्ये नव्याने आलेल्या दोघांनी मला परवा विचारलं, "स्प्रिंगचं जेडीबीसी टेम्प्लेट आहे ना, मग खालची जेडीबीसी कशाला शिकायची?" (जेडीबीसी म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायची मूळ सोय; स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमधलं जेडीबीसी टेम्प्लेट हे तिच्यावरचं वेष्टण, म्हणजेच रॅपर.) प्रश्न रास्त आहे. तोंडी उत्तर दिलं, पण ते फार वरवरचं झालं. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. जाणत्यांनी भर घालावी, माझं चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

जेडीबीसी आली १९९७ साली, जेडीके १.१ बरोबर. तिच्यातून एक साधी क्वेरी चालवायची म्हटली तरी किती कामं असतात बघा. डेटासोर्सकडून, म्हणजे कनेक्शनं देणाऱ्या ऑब्जेक्टकडून, कनेक्शन मागायचं, त्यावर प्रिपेअर्ड स्टेटमेंट तयार करायचं, प्रश्नचिन्हांच्या जागी एकेक मूल्य बसवायचं (मोजणी शून्यापासून नाही, १ पासून), क्वेरी चालवायची, रिझल्टसेटमधून एकेक नोंद वाचत पुढे जायचं, आणि मग सगळं उलट्या क्रमाने बंद करायचं: आधी रिझल्टसेट, मग स्टेटमेंट, शेवटी कनेक्शन. मध्येच काही बिघडलं तरी बंद करणं राहता कामा नये, म्हणून फायनली ब्लॉक. बंद करतानाही एसक्यूएल एक्सेप्शन येऊ शकतं, म्हणून फायनलीच्या पोटात आणखी ट्राय-कॅच. जुन्या कोडमध्ये दोन ओळींच्या क्वेरीभोवती पंचवीस-तीस ओळींचं हे कुंपण असायचं. २०११ मध्ये जावा ७ आलं, त्यासोबत जेडीबीसी ४.१ मध्ये हे तिन्ही ऑटोक्लोजेबल झाले, आणि ट्राय-विथ-रिसोर्सेसमुळे (ब्लॉक संपला की आपोआप बंद करणारी रचना) कुंपण बरंच बुटकं झालं.

जेडीबीसी टेम्प्लेट त्याच्या सात वर्षं आधीपासून आहे. मार्च २००४ च्या स्प्रिंग १.० मध्ये ते होतंच. त्यामागचा विचार साधा आहे. जे दर वेळी सारखंच करावं लागतं ते टेम्प्लेट करेल, जे दर वेळी वेगळं असतं तेवढंच तुम्ही द्या: एसक्यूएल, त्यातली मूल्यं, आणि एका नोंदीचं ऑब्जेक्ट कसं बनवायचं ते सांगणारा रोमॅपर. कनेक्शन घेणं, परत देणं, चुका पकडणं हे सगळं आत.

याचं मोल कमी लेखू नये. कोडच्या एखाद्या आडवाटेला कनेक्शन बंद करायचं राहिलं की ते पूलमध्ये (तयार कनेक्शनांच्या साठ्यात) परत जात नाही. हिकारी या पूल लायब्ररीची कमाल मर्यादा आपण काही न सांगितल्यास १० असते. रोज दोन कनेक्शनं गळत असतील तर पाच दिवसांनी पूल कोरडा. आणि दोष सापडतो कुठे? सहाव्या दिवशी, जी क्वेरी निर्दोष आहे तिच्या लॉगमध्ये. टेम्प्लेटच्या नेहमीच्या मेथड वापरल्या तर ही चूक करताच येत नाही. (एक अपवाद: स्प्रिंग ५.३ मध्ये आलेली क्वेरीफॉरस्ट्रीम. ती देते तो स्ट्रीम आपणच बंद करायचा असतो.)

दुसरा मोठा फायदा चुकांच्या भाषेचा. युनिक कॉलममध्ये दुसऱ्यांदा तेच मूल्य टाकलं की पोस्टग्रेस एसक्यूएल-स्टेट २३५०५ देतो, मायएसक्यूएल १०६२ क्रमांकाची चूक देतो, ओरॅकल म्हणतो ओआरए-००००१. साध्या जेडीबीसीत हे सगळं एकाच एसक्यूएल एक्सेप्शनच्या पोटात येतं आणि क्रमांक तपासत बसावं लागतं. टेम्प्लेट त्या सगळ्यांचं डुप्लिकेट की एक्सेप्शन करून देतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. टेम्प्लेट कष्ट वाचवतं, पण निर्णय आपलेच राहतात. माझ्या एका जुन्या कामाच्या ठिकाणी पोस्टग्रेसवरच्या मोठ्या टेबलाची फाइल बनवायचं काम होतं. नोंदी काही लाख. पहिल्या रूपात रोमॅपर होता, म्हणजे सगळ्या नोंदींची यादी मेमरीत. सर्व्हर कोसळला. मग मी रोकॉलबॅकहँडलर लावला, जो एकेक नोंद आली की ती लिहून सोडून देतो. तरी कोसळला. टेम्प्लेटवर फेच साइज (एका फेरीत किती नोंदी आणायच्या तो आकडा) ५०० ठेवली. तरीही कोसळला!

कारण खाली होतं. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर (जेडीबीसीला डेटाबेसशी जोडणारा कोड) टप्प्याटप्प्याने नोंदी आणतो ते फक्त ऑटोकमिट (प्रत्येक आदेश लगेच पक्का करणं) बंद असेल तेव्हा. जेडीबीसीत ऑटोकमिट मुळात चालू असतं, आणि माझी मेथड कुठल्याही ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्का किंवा एकत्र रद्द होणारा आदेशांचा गट) नव्हती. त्यामुळे ५०० हा आकडा ड्रायव्हरने काहीही न बोलता बाजूला ठेवला आणि अख्खा निकाल मेमरीत ओढला. मेथडला ट्रान्झॅक्शनल (तिला ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणारी स्प्रिंगची खूण) लावलं, पाच मिनिटांत फाइल तयार. शोधायला मात्र दोन दिवस लागले होते, कारण मी दोन्ही दिवस टेम्प्लेटचंच डॉक्युमेंटेशन वाचत होते. ड्रायव्हरचं उघडलंच नव्हतं.

मायएसक्यूएलचं आणखी वेगळं. तिथे नोंदी एकेक करून हव्या असतील तर फेच साइज म्हणून इंटिजरचं सगळ्यात लहान मूल्य, उणे २१४७४८३६४८, द्यावं लागतं, किंवा यूआरएलमध्ये कर्सर फेच चालू करून फेच साइज द्यावी लागते. पहिल्या पद्धतीत तो निकाल पूर्ण वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. ओरॅकल आपणहून एका वेळी १० नोंदी आणतो, तिथे तक्रार उलटी असते, फेऱ्या फार होतात. टेम्प्लेट तिघांसाठी तेच, कोड तोच, वागणं तीन तऱ्हांचं.

तुम्हाला अशी कुठली जागा भेटली, जिथे टेम्प्लेटचा कोड बरोबर दिसत होता आणि कारण खालच्या थरात निघालं?

---

पिंपळपान

छान धागा. माझी भर नल, म्हणजे रिकाम्या, मूल्यांबद्दल.

रिझल्टसेटची गेटइंट मेथड डेटाबेसमध्ये नल असेल तर ० देते. खरंच शून्य होतं की नल होतं हे कळायला लगेच वॉजनल विचारावं लागतं. पुष्कळांना वाटतं की टेम्प्लेट वापरलं की हा त्रास संपला. एकाच कॉलमची क्वेरी असेल आणि इंटिजर मागितला तर ते खरं आहे, नलच मिळतं. पण स्वतःचा रोमॅपर लिहिता तेव्हा तुमच्या हातात जो रिझल्टसेट येतो तो थेट जेडीबीसीचाच आहे. तिथे गेटइंट लिहिलंत की पुन्हा शून्य. म्हणजे रोमॅपर लिहिणारा प्रत्येक जण साधी जेडीबीसी लिहीतच असतो, त्याच्या लक्षात येवो न येवो.

आमच्याकडे "सवलत टक्के" असा कॉलम होता. नल म्हणजे सवलत अजून ठरलेली नाही, शून्य म्हणजे सवलत नाही. रोमॅपरने दोन्ही एक करून टाकले. चुकीची बिलं गेली तेव्हा कळलं. तेव्हापासून मी गेटऑब्जेक्ट वापरतो आणि सोबत इंटिजर क्लास देतो. ही सोयही जेडीबीसी ४.१ पासूनचीच आहे.

याच्या उलट एक: रिकाम्या टेबलावर मॅक्स काढून तो क्वेरीफॉरऑब्जेक्टने साध्या इंटमध्ये घेतला, तर एक नोंद येते पण तिच्यात नल असतं, आणि नल पॉइंटर एक्सेप्शन मिळतं. आणि आयडीने शोधलेली नोंदच नसेल तर एम्प्टी रिझल्ट एक्सेप्शन. साध्या जेडीबीसीत तिथे नुसतं नेक्स्ट मेथडने फॉल्स सांगितलं असतं. "सापडलं नाही" ही रोजची गोष्ट आहे, तिला अपवाद मानणं मला अजून पटलेलं नाही.

---

शिरस्ता

निशिगंध, लेख आवडला. एका मुद्द्यावर थोडा मतभेद. कनेक्शन बंद करण्याचा फायदा २००४ मध्ये प्रचंड होता, आज तेवढा नाही. ट्राय-विथ-रिसोर्सेस नीट वापरणाऱ्याला छोट्या टूलमध्ये साधी जेडीबीसी पुरते. मी अजूनही लिहितो, आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

टेम्प्लेटचा आजचा खरा उपयोग ट्रान्झॅक्शनशी जुळवून घेण्यात आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. टेम्प्लेट कनेक्शन मागताना थेट डेटासोर्सकडे जात नाही. ते आधी बघतं की या थ्रेडवर ट्रान्झॅक्शन चालू आहे का. असेल तर त्या ट्रान्झॅक्शनला बांधलेलं कनेक्शनच वापरतं, नसेल तर पूलमधून नवं घेऊन काम झालं की लगेच परत देतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: ट्रान्झॅक्शन नसताना टेम्प्लेटच्या लागोपाठ दोन हाका दोन वेगळ्या कनेक्शनवर जाऊ शकतात. पहिल्या हाकेत टेंपररी टेबल बनवलं, दुसऱ्या हाकेत "असं टेबलच नाही". किंवा सेशनमध्ये काही मूल्य ठेवलं आणि ते भलत्याच रिक्वेस्टला दिसलं. एकट्याने चाचणी करताना पूल बहुतेक तेच कनेक्शन परत देतो, म्हणून सगळं सुरळीत चालतं. लोड आला की फुटतं. साध्या जेडीबीसीत कनेक्शन तुमच्या हातात व्हेरिएबल म्हणून असतं, त्यामुळे हा गोंधळ होत नाही.

दुसरी गोष्ट रोलबॅकची, म्हणजे केलेलं काम मागे घेण्याची. ट्रान्झॅक्शनल मेथडमधून एक्सेप्शन बाहेर पडलं की स्प्रिंग रोलबॅक करतं, पण आपण वेगळं काही सांगितलं नसेल तर फक्त अनचेक्ड एक्सेप्शनवर (जे पकडायची किंवा जाहीर करायची सक्ती कंपायलर करत नाही). टेम्प्लेटची सगळी एक्सेप्शनं अनचेक्ड आहेत. जेडीबीसीचं एसक्यूएल एक्सेप्शन चेक्ड आहे! म्हणजे तोच तर्क, तीच चूक, पण एका रूपात रोलबॅक होतो आणि दुसऱ्या रूपात अर्धवट झालेलं काम कमिट होतं. दोन्ही प्रकार मिसळलेले असतील अशा कोडमध्ये हे सगळ्यात आधी तपासा.

---

मोरपंखी

शिरस्ता, रोलबॅकचा मुद्दा वाचून आमचा कोड उघडला. दोन जागा सापडल्या. मनापासून आभार.

---

उंबरठा

नमस्कार. मी या क्षेत्रात नवा आहे, दीड वर्ष झालं. धाग्यातलं सगळं कळलं असं नाही, पण आमची एक अडचण याच्याशी जोडलेली असावी असं वाटतं म्हणून विचारतो.

ऑर्डर नोंदवणारी एक मेथड आहे, ट्रान्झॅक्शनल आहे, जेडीबीसी टेम्प्लेटवर लिहिलेली आहे. एरवी नीट चालते. एकाच वेळी बऱ्याच ऑर्डर आल्या की अचानक सगळं थांबतं आणि ३० सेकंदांनी हिकारीकडून "कनेक्शन उपलब्ध नाही" अशी चूक येते. डेटाबेसवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात डेटाबेसवर काहीच ताण नाही, कनेक्शनं नुसती बसून आहेत. कनेक्शनची गळती असेल असं वाटून गळती शोधायची सेटिंग लावली. इशारे येतात, पण ते ऑर्डरच्या मेथडकडेच बोट दाखवतात आणि तिथे टेम्प्लेटशिवाय काही नाही. चूक आली की थोड्या वेळाने आपोआप सुरळीतही होतं. पूल १० चा आहे.

---

शिरस्ता

आपोआप सुरळीत होतं म्हणजे गळती नाही. गळलेलं कनेक्शन परत येत नसतं. ३० सेकंद ही हिकारीची वाट बघायची मूळ मर्यादा आहे, म्हणजे कोणीतरी कनेक्शनसाठी रांगेत आहे, आणि ज्यांच्याकडे कनेक्शन आहे ते दुसऱ्याच कशाची तरी वाट बघताहेत.

एक विचारतो. त्या मेथडमधून पुढे जो काही कोड बोलावला जातो, त्यात कुठे डेटासोर्सवर थेट गेटकनेक्शन केलेलं आहे का? जुना एखादा क्लास, लॉगिंग, क्रमांक देणारी मेथड, असं काही?

---

उंबरठा

आहे! ऑडिटचा एक जुना क्लास आहे, साध्या जेडीबीसीत. कोणी काय केलं याची नोंद ठेवतो. ट्राय-विथ-रिसोर्सेसने कनेक्शन नीट बंद केलंय, म्हणून मी तो बाजूला ठेवला होता.

---

शिरस्ता

मग सापडलं. त्या क्लासमध्ये तसं चूक काही नाही, पण तो ट्रान्झॅक्शनच्या बाहेरून येतो. बघा काय होतं:

ऑर्डरची मेथड सुरू झाली की स्प्रिंग पूलमधून एक कनेक्शन घेऊन ते थ्रेडला बांधतं. मेथड संपेपर्यंत ते सुटत नाही. मध्येच ऑडिट क्लास थेट डेटासोर्सकडे जातो. डेटासोर्सला ट्रान्झॅक्शनचं काही माहीत नसतं, तो पूलमधून दुसरं कनेक्शन देतो. म्हणजे एका ऑर्डरला एका वेळी दोन कनेक्शनं लागतात. आता दहा ऑर्डर एकाच क्षणी आल्या. दहाही जणांनी पहिलं कनेक्शन घेतलं, पूल संपला, आणि दहाही जण दुसऱ्यासाठी रांगेत उभे राहिले. पहिलं कोणीच सोडणार नाही. ३० सेकंदांनी एकेकाची वेळ संपते, त्याचं पहिलं कनेक्शन मोकळं होतं आणि गाडी पुढे सरकते. डेटाबेस तोवर खरोखरच रिकामा बसलेला असतो. गळतीचे इशारेही याचमुळे ऑर्डरच्या मेथडकडे बोट दाखवत होते, पहिलं कनेक्शन तीच धरून बसली होती.

हिकारीच्या विकीवर पूलच्या आकाराचं एक सूत्र आहे: थ्रेडची संख्या गुणिले (एका थ्रेडला एकाच वेळी लागणारी कनेक्शनं वजा १), अधिक १. दहा थ्रेड, प्रत्येकी दोन कनेक्शनं, म्हणजे ११ चा पूल असला की निदान एक जण पुढे जातोच आणि कोंडी होत नाही. पण टॉमकॅट हा जावा वेब सर्व्हर आपणहून २०० थ्रेडपर्यंत जातो, त्या हिशोबाने २०१ कनेक्शनं लागतील. तेव्हा नुसता पूल वाढवू नका, त्याने मूळ दोष जात नाही.

कारण मूळ दोष वेगळाच आहे आणि तो जास्त गंभीर आहे. ऑडिटची नोंद दुसऱ्या कनेक्शनवर, ऑटोकमिट चालू असताना होते. ती लागलीच पक्की होते. नंतर ऑर्डर रोलबॅक झाली तरी "ऑर्डर नोंदवली" अशी ऑडिटची नोंद तशीच राहणार. तपासून बघा, जिची ऑर्डरच नाही अशा नोंदी सापडतील.

उपाय तीन. ऑडिट क्लास टेम्प्लेटवर आणा, हा सगळ्यात स्वच्छ. ते जमत नसेल तर त्यात गेटकनेक्शनच्या जागी स्प्रिंगचा डेटासोर्सयुटिल्स वापरा, पण मग कनेक्शन सोडतानाही त्याचीच रिलीज मेथड हवी, क्लोज नको. आणि कोडला हात लावणंच शक्य नसेल तर त्या क्लासला ट्रान्झॅक्शन-अवेअर डेटासोर्स प्रॉक्सी द्या. तो वरून साधा डेटासोर्सच दिसतो, पण चालू ट्रान्झॅक्शनचं कनेक्शन देतो.

---

निशिगंध

उंबरठा, तुमच्या प्रश्नामुळे माझ्या मूळ लेखातली एक उणीव दिसली. मी "टेम्प्लेट की साधी जेडीबीसी" असं लिहिलं, जणू दोनच बाजू आहेत. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं चाललेल्या बहुतेक प्रकल्पांत दोन्ही असतात, आणि सांधा जिथे येतो तिथेच हे प्रश्न उभे राहतात. टेम्प्लेट वापरत असतानाही खालचं कनेक्शन हवंच असेल, तर टेम्प्लेटच्याच एक्झिक्यूट मेथडला कनेक्शन कॉलबॅक द्यावा. त्यात ट्रान्झॅक्शनचंच कनेक्शन मिळतं आणि बंद करायची चिंताही नाही. मी पोस्टग्रेसचा कॉपी आदेश तसाच वापरते.

---

मोरपंखी

चुकांच्या भाषांतराबद्दल निशिगंध यांनी लिहिलंय, त्याला एक मोठा पण जोडायचा आहे.

आम्ही मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर गेलो. कोडमध्ये असं होतं: नोंद टाकून बघायची, डुप्लिकेट की एक्सेप्शन आलं तर ते पकडायचं आणि त्याऐवजी अपडेट करायचं. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. मायएसक्यूएलवर वर्षानुवर्षं चाललं. पोस्टग्रेसवर डुप्लिकेट की एक्सेप्शन तसंच आलं, आमच्या कॅचमध्ये बरोबर पकडलं गेलं, आणि पुढचा अपडेट २५पी०२ ने पडला: ट्रान्झॅक्शन रद्द अवस्थेत आहे, ती संपेपर्यंत आदेश घेतले जाणार नाहीत.

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधला एक आदेश चुकला की रोलबॅक होईपर्यंत अख्खी ट्रान्झॅक्शन निकामी होते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी स्टोरेज इंजिनमध्ये या चुकीसाठी फक्त तो एक आदेश मागे घेतला जातो. एक्सेप्शनचं नाव दोन्हीकडे सारखं मिळालं, म्हणून आम्ही वागणंही सारखं धरून चाललो. शेवटी इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट जोडून डेटाबेसलाच निर्णय करू दिला. सेव्हपॉइंटनेही (ट्रान्झॅक्शनच्या मधली परतीची खूण) जमलं असतं, पण दर नोंदीला सेव्हपॉइंट नको वाटला.

---

रानवाट

मी जावावाला नाही, पीएचपी लिहितो, तरी प्रत्येक प्रतिसादात आमचंच घर दिसलं. पीडीओ, म्हणजे पीएचपीची डेटाबेस लायब्ररी, मायएसक्यूएलवर मुळात सगळा निकाल मेमरीत ओढतो, बफरिंग बंद करावं लागतं, आणि बंद केलं की निकाल संपेपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी नाही. अगदी निशिगंध यांनी लिहिल्यासारखं. त्यातच मायएसक्यूएलसाठी पीडीओची प्रिपेअर्ड स्टेटमेंटं मुळात खरी नसतात, मूल्यं पीएचपीच्या बाजूलाच क्वेरीत भरून पाठवली जातात. आणि पीएचपी ८.० येईपर्यंत चूक झाली तरी पीडीओ आपणहून एक्सेप्शन टाकत नसे, गप्प राहायचा.

---

पिंपळपान

इन (यादीतलं कुठलंही मूल्य चालेल असं सांगणारा) या क्लॉजबद्दल कोणी बोललं नाही. साध्या जेडीबीसीत एका प्रश्नचिन्हाला एकच मूल्य. यादी द्यायची तर यादीच्या लांबीएवढी प्रश्नचिन्हं जोडत एसक्यूएल बनवा. नेम्ड पॅरामीटर टेम्प्लेट हे काम सुरेख करतं, कोलनने नाव द्या, यादी द्या, झालं. मी तेच वापरतो. पण तेही आतून प्रश्नचिन्हंच जोडतं, हे लक्षात असू द्या. यादी रिकामी असेल तर रिकामा कंस तयार होतो आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल तिघेही व्याकरणाची चूक दाखवतात. यादी मोठी असेल तर मर्यादा आड येतात: ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत इनमध्ये १०००, एसक्यूएल सर्व्हरला एका क्वेरीत २१००, पोस्टग्रेसला ६५५३५ मूल्यं. शिवाय दर लांबीला वेगळं एसक्यूएल बनतं, त्यामुळे तयार स्टेटमेंट पुन्हा वापरण्याचा फायदाही जातो. पोस्टग्रेसवर मी खालच्या थरातला अ‍ॅरे वापरतो, इनऐवजी एनी, प्रश्नचिन्ह एकच आणि यादी कितीही.

प्रश्नचिन्हावरून आठवलं. पोस्टग्रेसमध्ये जेसनबी या डेटा प्रकारासाठी ? हा स्वतःच एक ऑपरेटर आहे. जेडीबीसी त्याला मूल्याची जागा समजते. तिथे ?? असं दोनदा लिहावं लागतं. टेम्प्लेटच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे शोधून उपयोग नाही, ही ड्रायव्हरची गोष्ट.

---

अक्षरवेल

नवीन कोड असेल तर जेडीबीसी क्लायंट बघा. नोव्हेंबर २०२३ च्या स्प्रिंग ६.१ मध्ये आलाय. साखळीसारखं लिहायचं: एसक्यूएल, मग मूल्य, मग क्वेरी, मग शेवटी ऑप्शनल, सिंगल किंवा लिस्ट. पिंपळपान यांना "सापडलं नाही" अपवाद नको आहे ना, तिथे ऑप्शनल आहे. आतून जुनं टेम्प्लेटच चालतं, त्यामुळे इथे लिहिलेलं बाकी सगळं त्यालाही लागू.

बॅच (अनेक नोंदी एकदम पाठवणं) मात्र अजून टेम्प्लेटमधूनच करावी लागते. आणि मायएसक्यूएलवर बॅच करून वेग वाढला नाही तर यूआरएलमध्ये रीराइट बॅच्ड स्टेटमेंट्स चालू आहे का बघा. नसेल तर ड्रायव्हर बॅचमधली एकेक नोंद सुटी सुटीच पाठवतो.

---

उंबरठा

परत आलो. शिरस्ता, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. चाचणीत एकदम ५० ऑर्डर सोडल्या, कोंडी लगेच झाली. ऑडिट क्लास टेम्प्लेटवर आणला, पूल १० चाच ठेवला, आता ५० काय २०० ऑर्डरलाही थांबत नाही. आणि ऑर्डर नसलेल्या ऑडिट नोंदी खरंच होत्या, ३७ सापडल्या.

पण एक नवीन प्रश्न उभा राहिला. आता ऑर्डर फसली की ऑडिटची नोंदही रोलबॅकमध्ये जाते. हिशोब तपासणारे म्हणतात की फसलेल्या प्रयत्नांची नोंद त्यांना हवीच आहे. जुना कोड लिहिणाऱ्याने मुद्दाम वेगळं कनेक्शन घेतलं असेल का? मी ऑडिटच्या मेथडला रिक्वायर्स न्यू (म्हणजे तिच्यासाठी वेगळी ट्रान्झॅक्शन) लावायचा विचार करतोय.

---

शिरस्ता

३७ नोंदी शोधून काढल्यात हे उत्तम केलंत.

रिक्वायर्स न्यू लावलंत तर बाहेरची ट्रान्झॅक्शन बाजूला थांबते, पण तिचं कनेक्शन सुटत नाही, आणि आतल्या ट्रान्झॅक्शनसाठी दुसरं घेतलं जातं. म्हणजे पुन्हा एका ऑर्डरला दोन कनेक्शनं, पुन्हा तीच कोंडी, फरक इतकाच की आता ती टेम्प्लेटमधून येईल आणि शोधायला आणखी अवघड जाईल.

ऑर्डर फसली हे कळतं रोलबॅक झाल्यावर. तेव्हाच नोंद करा. ऑर्डरची ट्रान्झॅक्शनल मेथड ज्या क्लासमधून बोलावता, तिथे ती ट्राय-कॅचमध्ये घ्या. आत यशस्वी ऑर्डरची ऑडिट नोंद ऑर्डरसोबत त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. बाहेर कॅचमध्ये "प्रयत्न फसला" अशी वेगळी नोंद, तोवर पहिलं कनेक्शन पूलमध्ये परत गेलेलं असतं. फक्त ही बाहेरची मेथड ट्रान्झॅक्शनल नको आणि दुसऱ्या क्लासमध्ये हवी. त्याच क्लासमधून बोलावलंत तर हाक स्प्रिंगच्या प्रॉक्सीमधून जात नाही आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही.

जुना कोड लिहिणाऱ्याच्या मनात हेच असण्याची शक्यता मलाही वाटते. क्लासमध्ये तसं काही लिहून ठेवलंय का?

---

उंबरठा

कॉमेंट शोधली, काही नाही. जुन्या कमिटच्या संदेशात मात्र एक ओळ मिळाली: "ऑर्डर रद्द झाली तरी ऑडिट राहिलं पाहिजे". म्हणजे हेतू बरोबर होता. तेव्हा वरचा कोडही साध्या जेडीबीसीत होता आणि प्रत्येक क्वेरीनंतर कनेक्शन सोडत होता, म्हणून कोंडी झाली नाही. ती टेम्प्लेट आणि ट्रान्झॅक्शनल आल्यावर सुरू झाली.

तुम्ही सांगितलं तसं दोन क्लासमध्ये लिहिलंय. या वेळी ती ओळ क्लासच्या डोक्यावरही लिहून ठेवली. उद्या चाचणी आहे, निकाल इथेच कळवतो.